येळवशीला रात्री रानातच मुक्काम करायचाय, लेकरांना गारठा बाधू नये म्हणून काय तयारी लागेल?

तेरणाकाठ

यंदा येळवस (वेळ अमावस्या, रानात पूजा करून जेवायचा आपल्याकडचा सण) झाली की त्याच रात्री रानात तंबू ठोकून राहायचा बेत आहे. रान औसा तालुक्यात, भारी काळं. अर्ध्यात हरभरा, अर्ध्यात टाळकी ज्वारी. बांधाला लागून विहीर आहे, शेजारच्या वावरात शेततळं आहे. मोठी माणसं चार आणि लेकरं तीन: थोरली नऊ वर्षांची, मधला चार वर्षांचा, धाकटी अकरा महिन्यांची. आखाड्यावर पत्र्याची एक खोली आहे, पण थोरलीला तंबूतच झोपायचंय.

सामान असं: दोन पदरी कापडाचा चार माणसांचा तंबू, ५ अंश लिहिलेल्या दोन स्लीपिंग बॅगा, हवा भरायची एक गादी, घरच्या वाकळा आणि दोन घोंगड्या. पहाटे पारा ८-९ अंशांपर्यंत उतरेल असं धरून चाललोय.

अंथरूण कसं करावं, तंबूत शेगडी ठेवली तर चालेल का आणि धाकटीचं काय करावं, हे मुख्य प्रश्न आहेत. आमच्या ध्यानात न आलेलं काही असेल तर तेही सांगा.

काळी_माती

तेरणाकाठ, ८-९ अंश धरू नका, ५ धरा. गावातला पारा आणि उघड्या शिवारातला पारा यात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. परभणीकडे तर काही हिवाळ्यांत पारा ५ च्याही खाली गेलाय. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, ती रात्र सगळ्यात गार.

आधी जागा बघा. गार हवा जड असते, पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन लवणात आणि ओढ्याकाठी साचते. म्हणून तंबू लवणात नको, जरा उंचवट्यावर, चढाच्या बाजूला ठोका. पाणी दिलेल्या हरभऱ्याच्या कडेला तर नकोच. भिजलेल्या रानात ओल असते आणि दहिवरही तिथं जास्त. आंब्याखाली किंवा चिंचेखाली जागा मिळाली तर फारच चांगलं. उघड्यावर जमिनीतली ऊब सरळ आभाळाकडे निघून जाते, झाडाखाली ती पानोऱ्याला अडते. म्हणून झाडाखाली दहिवर जवळजवळ पडत नाही. पण आधी दिवसाउजेडी वर बघून घ्या, वाळकी फांदी आणि आग्या मोहोळ. मोहोळ दिसलं तर ते झाड सोडा. खाली आगटी पेटवली आणि धूर वर गेला की माश्या उठतात.

आणखी एक, मोटारीचा स्टार्टर बघा. रात्रीच्या लाइटीची पाळी असेल आणि ऑटो चालू राहिला असेल, तर बारा-एक वाजता मोटार आपोआप सुरू होते आणि पाणी सरीने तुमच्या अंथरुणाखाली येतं. ऑटो बंद करा आणि शेजाऱ्यालाही सांगून ठेवा, त्याचं पाणीही बांध फोडून येऊ शकतं.

आता अंथरूण. सगळी फसगत इथंच होते. लोक अंगावर तीन-तीन वाकळा घेतात आणि खाली एक सतरंजी टाकतात. अंगाच्या वजनाने खालचा कापूस दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि ऊब धरणारं काही उरतच नाही. रात्रभर जमीन अंगातली ऊब ओढत राहते. वरचं पांघरूण कितीही जाड असलं तरी पाठ गारच. म्हणून खाली जास्त घाला, वर कमी.

क्रम असा ठेवा. जमिनीवरची धसकटं काढून जागा सपाट करा. त्यावर बाजरीचं सरमाड, जुना कडबा किंवा सोयाबीनची गुळी वीतभर जाड पसरा. माणसं झोपली की ती दबून चार बोटं उरते, तेवढी पुरे. कडब्याची ताटं आडवी-उभी टाका, बुडखे बाहेरच्या बाजूला, नाहीतर तंबूचा तळ फाटतो. तुराट्या आणि पऱ्हाट्या टाकूच नका, टोचतात. वर ताडपत्री आणि तिच्यावर तंबू. ताडपत्रीची कड तंबूच्या बाहेर चार बोटंही दिसता कामा नये, ती आत दुमडा. बाहेर राहिली तर तंबूवरचं दहिवर ओघळून तिच्यावर पडतं आणि ते पाणी तळाखाली शिरतं. पहाटे "तंबू गळला" म्हणतात, तो बहुतेक वेळा असाच गळलेला असतो.

आत १० मिमी जाडीची फोमची चटई, तिच्यावर एक वाकळ, आणि मग लेकरू. हवेची गादी एकटी वापरू नका. आतली हवा लेकराच्या हालचालीने खालीवर फिरते, खाली गार होते आणि वर येऊन ऊब नेते. वापरायचीच असेल तर गादीच्या वर फोम आणि वाकळ घाला. बाजेचंही तसंच, उन्हाळ्यात खालून वारा लागतो म्हणून बाज बरी वाटते आणि हिवाळ्यात त्याच कारणाने ती वाईट.

स्लीपिंग बॅगेवरचा ५ चा आकडा एकदा नीट वाचा. आरामाचा, सहन होण्याचा आणि टोकाचा असे आकडे वेगवेगळे असतात, आणि ते मोठ्या माणसाच्या अंगावरून काढलेले असतात. लहान मुलाला त्यांचा भरवसा नाही. ५ हा आरामाचा आकडा नसेल तर त्या बॅगेत आणखी एक घोंगडी लागेल. नऊ वर्षांची मुलगी मोठ्या माणसाच्या बॅगेत झोपली की पायाकडे हातभर मोकळी जागा राहते, आणि ती जागा तापवायलाच तिची ऊब खर्ची पडते. तो भाग खाली दुमडून टाका.

बालरोग_दवाखाना

अकरा महिन्यांच्या बाळाबद्दल आधी सांगते, कारण उत्तर सरळ आहे. तिला तंबूत झोपवू नका. आखाड्याची खोली आहे ना, तिथं आईसोबत झोपवा. खोलीचं दार लावा, फटी कापडाने बुजवा, पण एक झरोका उघडा ठेवा. या वयाच्या बाळाला थंडी वाजते हे सांगता येत नाही आणि तोंडावर आलेलं पांघरूण नीट बाजूला करता येत नाही. शिवाय अंगाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्र मोठं असल्याने ऊब भराभर जाते.

खोलीतही जड वाकळ बाळावर टाकायची नाही आणि दोन मोठ्या माणसांच्या मधे एकाच पांघरुणात झोपवायचं नाही. अंगात आधी सुती झबलं, वर लोकरीचं, पायात सैल मोजे, आणि वरून छातीपर्यंतच येणारं हलकं पांघरूण, दोन्ही बाजूंनी खाली खोवलेलं. उताणं झोपवायचं, उशी नको. टोपरं घट्ट नको आणि त्याला गळ्यात येणारी नाडी नको.

गार आहे की नाही ते हाता-पायाला हात लावून ठरवू नका. थंडीत हात-पाय गार लागतातच. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवा. तिथं कोमट आणि कोरडं लागलं तर बाळ ठीक. ओलसर घाम लागला तर एक कपडा कमी करा, जास्त गुंडाळणंही तितकंच वाईट. छाती-पोट गार लागलं तर लगेच उचला.

चार आणि नऊ वर्षांच्या मुलांसाठी कपड्यांची वेळ सांभाळा. दिवसभर कोपीभोवती (पूजेसाठी रानात केलेली कडब्याची खोप), ज्वारीत पळून त्यांचे कपडे आतून घामाने भिजलेले असतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी, उन्हं अंगावर असतानाच, चड्डी-बनियनसकट सगळे कपडे बदला. ओला सुती बनियन आणि वर तीन स्वेटर, हा सर्दी-तापाचा नव्हे तर सरळ अंग गार पडण्याचा रस्ता आहे. मोजे दोन जोड्या चढवता येतात पण बोटं हलली पाहिजेत, घट्ट मोज्यात रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. उद्याचे कपडे आजच अंथरुणात ठेवा, सकाळी उबदार मिळतात.

खाण्यात आंबील दुपारपुरती. रात्री गरम भज्जी (येळवशीची मिश्र भाजी) आणि भाकरी तुपासोबत, झोपायच्या आधी गूळ घातलेलं दूध किंवा तिळाची पोळी. भज्जी सकाळची असेल तर नुसती कोमट न करता चांगली उकळी येईपर्यंत तापवा. चार वर्षांच्या मुलाला अंधारात चालता-चालता हुरडा, अख्खे शेंगदाणे किंवा बोरं देऊ नका. हसताना-पळताना दाणा श्वासनलिकेत जातो. शेंगदाण्याचा कूट करून द्या, हुरडा बसवून, उजेडात, चिमूट-चिमूट द्या.

गरम पाण्याची बाटली द्यायची असेल तर झाकण घट्ट बसणारी स्टीलची घ्या. पाणी उकळतं नको, हाताला सोसेल इतकंच गरम, बाटलीवर जाड मोजा चढवा आणि ती अंथरुणात अर्धा तास आधी ठेवून लेकरू झोपताना बाहेर काढा. झोपेत तेवढ्याच गरम बाटलीने तासाभरात कातडी भाजते, आणि मूल उठतही नाही.

काय बघायचं ते ध्यानात ठेवा. मूल कुडकुडतंय तोवर शरीर झुंजतंय. कुडकुडणं थांबलं, पण मूल सुस्त आहे, अडखळत बोलतंय, चालताना झोकांड्या जातायत, तर ते बरं झालेलं नाही, बिघडलंय. बाळात बारीक रडणं, दूध न ओढणं, अंग लुळं पडणं ही खूण. अंगाचं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की धोका समजा. ओले कपडे काढा, मोठ्या माणसाच्या उघड्या छातीला चिकटवून दोघांवर कोरडं पांघरूण घ्या, डोकं झाका. पूर्ण शुद्धीत असेल तरच गोड कोमट दूध द्या. हात-पाय चोळू नका, शेकोटीजवळ धरू नका, ब्रँडी पाजू नका आणि छातीला चोळूही नका. लगेच १०८ ला फोन करा.

तेरणाकाठ

ताई, धाकटी खोलीत, ठरलं. पण शेगडीचं कोणी बोललं नाही. निखारे पेटून लाल झाल्यावर धूर तर राहत नाही. तंबूची चेन अर्धी उघडी ठेवून झोपेपर्यंत तासभर आत ठेवली तर?

माळरान

नाही. पाच मिनिटंही नाही, चेन पूर्ण उघडी असली तरी नाही. आणि हे आखाड्याच्या खोलीलाही लागू आहे.

धूर नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं. ज्वाळा विझून निखारे धुमसतात तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड जास्त तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्याला झोंबत नाही. रक्तात ऑक्सिजनच्या जागी तोच चिकटून बसतो. लहान मुलं श्वास भराभर घेतात, म्हणून तीच आधी सापडतात. डोकं दुखणं, मळमळ, उलटी आणि पेंग ही लक्षणं दिसतात, आणि रात्री दहा वाजता लेकरू पेंगतंय म्हटल्यावर घरच्यांना वाटतं दमलंय. चेन उघडी ठेवून भागत नाही, कारण वारा पडलेला असतो आणि दहिवराने भिजलेल्या कापडातून हवा खेळत नाही. डिझेलचा दिवा, गॅसची शेगडी, मच्छर अगरबत्ती, सगळ्यांनाच हा नियम. एकापेक्षा जास्त जणांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर विचार करत बसू नका, सगळ्यांना बाहेर मोकळ्यावर काढा आणि दवाखाना गाठा.

तंबू गरम करायचाच नसतो, कोरडा ठेवायचा असतो. प्रत्येक माणूस रात्रभरात श्वासावाटे अर्धा-पाऊण पेला पाणी हवेत सोडतो. चारजण बंद तंबूत झोपले की ते सगळं पाणी आतल्या कापडावर जमतं आणि पहाटे पांघरुणावर टिपकतं. म्हणून वरच्या दोन्ही खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवा. गार वाटेल, पण पांघरूण कोरडं राहील. वरचा आणि आतला पदर एकमेकांना चिकटू देऊ नका, दोऱ्या ताणून बांधा. काळ्या रानात खुंट्या सहज जातात पण दहिवराने माती भुसभुशीत झाली की सैल पडतात, त्या तिरप्या आणि खोल ठोका. दार वाऱ्याच्या उलट बाजूला. आपल्याकडे हिवाळी वारं बहुतेक उत्तर-पूर्वेचं, तेव्हा दक्षिणेला दार बरं. लेकरांना कापडाला चिकटून झोपवू नका, मोठी माणसं कडेला, लेकरं मधे.

शिवारफेरी

थंडीचं वर सगळं आलंय. मला विहीर, शेततळं आणि आगटी या तिघांबद्दल बोलायचंय. येळवस म्हणजे अमावस्या, चंद्र नाही, रान अनोळखी दिसतं आणि लेकरं उठून लघवीला जातात.

विहिरीला कठडा नसेल तर उजेड असतानाच तिच्याभोवती दहा हातांवर बांबू किंवा तुराट्यांच्या पेंढ्या रोवून सुतळीची दोरी गुंडाळा, दोन पदर, एक गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि एक मुलाच्या छातीएवढ्या. दोरीला पांढऱ्या पिशव्या बांधा, बॅटरीच्या उजेडात त्या लांबून दिसतात. शेततळं त्याहून फसवं. तळाला पसरलेला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहता येणारा मोठा माणूसही काठ चढू शकत नाही. शेजाऱ्याचं असलं तरी विचारून चारी बाजूंना गाठी मारलेले सोल (जाड दोर) आत सोडा, एक हवा भरलेली ट्यूब काठाला बांधून ठेवा. लेकरांना त्या बाजूला जायची वाटच ठेवू नका, तंबू उलट टोकाला.

लघवीची जागा तंबूपासून वीस पावलांवर आधीच ठरवा, वाट दिवसाच तुडवून घ्या, आणि कोणतंही मूल एकटं जाणार नाही. प्रत्येकाच्या गळ्यात नव्हे, हातात बॅटरी. गळ्यातली दोरी फांदीला अडकते.

रानडुकरांसाठी कुठं तार ओढलीय का, ते आजूबाजूच्या चारही शेतकऱ्यांना विचारा. झटका मशीनचा झटका बसून माणूस दूर होतो. काही जण मात्र लाइनवर आकडा टाकून सरळ तारेत करंट सोडतात, ते जीवघेणं आहे. नुसतं बघून ओळखू येत नाही, विचारूनच कळतं.

हरभऱ्यावर घाटे अळीची फवारणी कधी झाली तेही विचारा. झाली असेल तर लेकरांना ढाळे उपटून खाऊ देऊ नका. औषधाच्या रिकाम्या बाटल्या बांधावर असतील तर आधी गोळा करून लांब ठेवा.

आगटी ही सगळ्यात दगाबाज. हुरडा भाजून झाला, वर राख चढली, लोक म्हणतात विझली. गोवऱ्यांचा विस्तव राखेखाली सकाळपर्यंत जिवंत राहतो. सकाळी लेकरू अनवाणी येतं, पांढऱ्या मऊ राखेत पाय घालतं आणि घोट्यापर्यंत भाजतं. झोपायच्या आधी दोन घागरी पाणी ओतून काठीने ढवळा, पुन्हा पाणी, आणि हात जवळ धरून वाफ उरली नाही ना ते बघा. वर दगड रचा, म्हणजे जागा दिसेल. हेंडगा (कडब्याची पेटवलेली पेंढी) फिरवताना लेकरांना नायलॉनचा स्वेटर आणि लोंबती ओढणी नको. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. भाजलंच तर भाजलेल्या भागावर वीस मिनिटं साधं पाणी ओता, बाकीचं अंग मात्र झाकून ठेवा, नाहीतर त्यानेच हुडहुडी भरते. टूथपेस्ट, शाई, हळद काही नको.

विंचू-सापाचं म्हणाल तर काळ्या रानाच्या भेगा, दगडांचे ढीग, सरपण आणि कडब्याची गंज यांपासून तंबू दहा पावलं लांब. सरमाड पसरण्याआधी काठीने झाडून घ्या. थंडीत साप कमी फिरतात म्हणतात, पण घोणस हिवाळ्यातही फिरते. तंबूची चेन सतत बंद, बूट आत, सकाळी झटकूनच पायात. लाल विंचू चावला की लेकराला दरदरून घाम सुटतो, उलटी होते, हात-पाय बर्फासारखे गार पडतात. रात्रीच्या थंडीत लोक ते गारठ्यावर ढकलतात आणि पांघरूण वाढवत बसतात. घाम आणि गार हात-पाय एकत्र दिसले की विंचू धरा. आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला प्राझोसिन देऊन असे रोगी वाचवायची वाट दाखवली. ते औषध दवाखान्यातच, डॉक्टरांच्या हातून. तुमचं काम एकच, वेळ न घालवता पोचणं. म्हणून गाडी तंबूजवळ, तोंड रस्त्याकडे करून, किल्ली ठरलेल्या जागी, आणि रात्री लेकरांसाठी उघडं असणारं सरकारी रुग्णालय कोणतं ते आधीच फोन करून विचारून ठेवा.

फडावरचा

बीडकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं चार-पाच महिने कोपीत लेकरं सांभाळतात, त्यांच्या दोन गोष्टी तुम्हाला उपयोगी पडतील. एक, झोळी. बाळाला दिवसा झोळीत टाकणार असाल तर आत खाली घडी घातलेली वाकळ हवी, कारण झोळीला खालून वारा लागतो आणि एकपदरी साडीतून पाठ गार पडते. दुसरी, चूल कोपीच्या दारात नको, वाऱ्याच्या खालच्या अंगाला पंधरा पावलं लांब. कोपीचं पाचट वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते आणि आत झोपलेलं लेकरू बाहेर काढायला अवधी मिळत नाही. तुमच्या पूजेच्या कोपीतही कोणाला झोपवू नका, पणती तेवत असेल तर मुळीच नाही. तुमच्या तंबूखालीही सरमाड आहे, तेव्हा आगटी त्याच अंतरावर.

तेरणाकाठ

शेगडी रद्द. स्टार्टर आणि तारेचं आमच्या ध्यानातच नव्हतं, उद्याच शेजारी जाऊन विचारतो. शेवटचा प्रश्न: चार वर्षांचा कधीमधी अंथरूण ओलं करतो. पहाटे तीनला असं झालं तर काय करावं?

बालरोग_दवाखाना

त्याच्या खालच्या वाकळेवर आधीच मेणकापड, त्यावर सुती चादर, अशा दोन जोड्या एकावर एक घाला. वरची जोडी भिजली की ओढून काढायची, खाली कोरडी तयार. कपड्यांचा पूर्ण जोड तुमच्याच पांघरुणात, पायाशी ठेवा. बदलताना त्याला उभं करू नका, पांघरुणाच्या आतच बदला. आधी कोरड्या पंच्याने पुसून घ्या, ओल्या फडक्याने नाही. ओली चादर तंबूच्या बाहेर टाका, आत राहिली तर तिचीच वाफ होते. संध्याकाळी पाणी तोडू नका, मुलं थंडीत आधीच कमी पितात. फक्त झोपताना एकदा आणि तुम्ही झोपायला जाताना एकदा, अशी दोनदा लघवीला न्या, मोजे-बूट आणि कानटोपी घालूनच.

काळी_माती

आणि पहाटे सहा ते सात सांभाळा. उजाडायला लागलं की लेकरं पांघरूण फेकून बाहेर पळतात, पण पारा सगळ्यात खाली तेव्हाच असतो. ऊन तंबूवर येईपर्यंत त्यांना आतच दूध द्या. ऊन चढलं की सगळ्या वाकळा तुरीवर नाही, दोरीवर वाळत घाला. तुरीवरचं दहिवर नऊपर्यंत जात नाही.